तरुण, पक्ष आणि ग्रामसभा



निवडणूक आली की प्रत्येक पक्षास तरुणांची आठवण होते. सतरंज्या उचलावयास आणि घोषणा द्यावयास! मतमोजणी संपली की त्यांस कोणी विचारीत नाही. याहून निराळी रीत आपल्याकडे होती. १९४१ साली एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले; त्या दलात कवायतीच्या जोडीस अभ्यासवर्ग आणि कलापथके असत.

१९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार आहे. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीस उभे राहता येते. ग्रामसभेत तर गावच्या प्रत्येक मतदारास बसण्याचा हक्क आहे. आमच्या मुलांनी पक्ष कोणताही निवडावा (तो ठरविणे ज्ञातिसंस्थेचे काम नव्हे, हे आम्ही स्पष्टच सांगतो). परंतु आधी ग्रामसभेत जाऊन पंचायतीचा जमाखर्च मागावा, नळाच्या पाण्याचा पैसा कोठे गेला ते विचारावे. आणि त्या वेळी आम्हां वडीलधाऱ्यांनी ‘तुला काय कळते?’ म्हणून त्यांस खाली बसवू नये.