दुसरं कार्ड घ्यावं का?

मैत्रिणींनो, कर्जाविषयी आपण बायका चारचौघींत बोलत नाही, म्हणून आज बोलते.

2016 साली मी अमेरिकेत शिकत होते. हातात एकच क्रेडिट कार्ड, मर्यादा 500 डॉलर. इकडे आई आजारी पडली आणि तिकीट होतं 1,200 डॉलरचं. विद्यापीठाच्या विद्यावेतनातून घरभाडं, जेवणखाण जाऊन महिन्याला जेमतेम दीडशे उरायचे. दादा म्हणाला, "मी पाठवतो." पण दादाचे पैसे घेतले की पुढच्या प्रत्येक निर्णयात दादाचं मत आलंच. (हसताय काय, तुमच्याही घरी हेच असणार!)

दुसऱ्या कार्डाच्या अर्जावर बापाची किंवा नवऱ्याची सही कुणी मागितली नाही. 1974 सालचा समान पतसंधीचा कायदा येईपर्यंत तिथल्या बँका विवाहितेकडे नवऱ्याची सही सर्रास मागत. 2009 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना मात्र स्वतःचं उत्पन्न किंवा जामीनदार दाखवावा लागतो. मी तेवीसची होते.

सही करण्याआधी वहीत हिशेब मांडला. व्याज वर्षाला 24 टक्के, म्हणजे पहिल्याच महिन्याला 24 डॉलर. बँक म्हणते, किमान 35 भरा. म्हणजे मुद्दल फिटलं अवघं 11! दीडशे भरले तर नऊ महिन्यांत मोकळी. नऊ महिने नवे कपडे नाहीत, बाहेरचं खाणं नाही, हे आधी ठरवलं, मग सही केली.

आईला भेटून आले. सातव्या महिन्यात चष्मा तुटला, तो चिकटपट्टी लावून वापरला. हप्ता चुकवला नाही. दादाला हे सगळं नंतर सांगितलं.