पंचविसांश मोटार

अमेरिकेतील ए. एम. टी. या कंपनीने १९५८ साली मोटारींच्या प्रतिकृतींचे जे प्लॅस्टिकचे जोडसंच विक्रीस आणले, त्यांच्या प्रत्येक खोक्यात तीन मोटारी दडलेल्या असत. एक कारखान्यातून निघते तशी साधी, दुसरी शर्यतीची आणि तिसरी मालकाच्या लहरीप्रमाणे नटविलेली. सांगाडा एकच, वरचा साज तिन्ही तऱ्हांचा. प्रमाण एकास पंचवीस. म्हणजे पाच मीटरची मोटार वीस सेंटिमीटरमध्ये बसावयाची. खोक्यातील सारेच अलंकार एकाच गाडीवर चढविणारे महाभागही असतात. त्यांची मोटार वरातीच्या घोड्यासारखी दिसते!

खरी हौस कापाकापीत असते. तिचे मूळ कॅलिफोर्नियात सापडते. बॉब हिरोहाता या तरुणासाठी जॉर्ज व सॅम या बॅरिस बंधूंच्या कारखान्यात १९५२ साली एका मर्क्युरी मोटारीचा टप पुढच्या बाजूस चार इंच आणि मागच्या बाजूस सात इंच खाली आणण्यात आला. भारदस्त अंगाची ती गृहस्थी मोटार एकाएकी दबा धरून बसलेल्या श्वापदासारखी दिसू लागली.

तशी मर्क्युरी प्लॅस्टिकमध्ये करू पाहणाऱ्या मुलाला प्रथम त्रैराशिक मांडावे लागते. चार इंचांचा पंचविसावा हिस्सा चार मिलिमीटर, सात इंचांचा सात. एवढ्याशा अंतरावर सारा डौल! खांबांवर चिकटपट्टी लावून तो रेघा आखतो, बारीक दातांच्या करवतीने टप उतरवितो, खांबांचे ठरलेले तुकडे काढून टाकतो आणि टप पुन्हा ठेवून पाहतो. तो बसत नाही. मोटारीचे खांब सरळ उभे नसतात. वर जाताना ते आत कलतात. त्यामुळे खाली आणलेला टप जागेला लहान पडतो. येथे भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. कारण साठविलेले खाऊचे पैसे खोक्यात गेलेले असतात आणि कापलेले प्लॅस्टिक पूर्ववत होत नाही. मग टपाचे आणखी तुकडे करून मध्ये पट्ट्या घालावयाच्या, किंवा खांब हलकेच अधिक तिरपे करावयाचे. आधीच नीट मोजले असते तर, हा विचार त्या वेळी फारसा उपयोगी नसतो.

या प्लॅस्टिकला पॉलिस्टायरीन म्हणतात. त्याचा गोंद नुसता चिकटवीत नाही. तो दोन्ही कडा विरघळवितो आणि सुकल्यावर त्या एकजीव होतात. म्हणूनच ओल्या गोंदाचे बोट टपावर टेकले, तर त्याचा ठसा कायमचा उमटतो. उरलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे त्याच गोंदात विरघळवून सांध्यांसाठी लुकण करता येते. परंतु ते सुकताना आकसते, तेव्हा काही दिवस हात आवरावा लागतो.

रंगाची गोष्ट तशीच. एक दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरचा ठरेल! दारांच्या कडा त्यात बुजून जातात. म्हणून एका दाट हातापेक्षा अनेक विरळ हात बरे. त्याआधी राखाडी अस्तर द्यावे लागते. पांढऱ्या प्लॅस्टिकवर जी रेघ दिसत नव्हती, ती त्या राखाडी टपावर स्वच्छ उमटते. आणि मुलगा ओला काचकागद घेऊन पुन्हा खिडकीपाशी बसतो.