पालिकेतला माणूस बोलला तर

सांगलीत कृष्णेचं पाणी चढू लागलं, की कोणता नाला तुंबलाय हे महापालिकेच्या कर्मचाऱ्याला आधी कळतं. साताऱ्यात एखाद्या पेठेत नळ का कोरडे, हे पालिकेतल्या माणसाला ठाऊक असतं. मग त्यानं ते चारचौघांत बोलावं का? माझं मत आहे, बोलावं. जुलै 2025 मध्ये राज्य शासनानं समाजमाध्यमांबद्दल परिपत्रक काढलं. शासकीय धोरणांवर प्रतिकूल टीका नको, असं त्यात म्हटलंय. स्थानिक संस्थांचे कर्मचारीही त्यात आले. पण नोकरी धरली म्हणून मूलभूत हक्क सुटत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्येच सांगितलंय.

कुणी विचारेल, मग शिस्तीचं काय? आक्षेप रास्त आहे. निविदेची गुप्त माहिती बाहेर जाऊ नये. नागरिकांची कागदपत्रं तर नकोतच. आधी वरिष्ठांना लेखी कळवावं, हेही मान्य. पण त्या अर्जाला महिनोन्‌महिने उत्तरच आलं नाही तर? पालिकेचा खरा मालक आयुक्त नव्हे, मुख्याधिकारीही नव्हे. तो घरपट्टी भरणारा नागरिक. मालकाला खरं सांगणं ही बेशिस्त कशी? म्हणून पुन्हा म्हणतो, कर्मचाऱ्याला बोलू द्यावं. सांगितलेलं खोटं निघालं, तर कारवाईचे नियम आहेतच.