सोनखताच्या कंपन्या



विषय ऐकताच काहींनी नाकाला पदर लावला, तो मी पाहिला! पण मोरीतून गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे आपण बायकांनी विचारायचे नाही तर कोणी?

सोनखत हा शब्द आपल्या माहितीचा. लंडनातही पूर्वी रात्री मैला उपसून गाड्यांनी शेतावर नेत. मग पाण्याचे संडास आले आणि सारी घाण गटारांतून थेम्स नदीत जाऊ लागली. 1858 च्या उन्हाळ्यात अशी दुर्गंधी सुटली की, पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवावे लागले. त्याच काळात पेरू देशाहून समुद्रपक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ‘ग्वानो’, खत म्हणून जहाजे भरून इंग्लंडात येई आणि शेतकरी तिला चांगले पैसे मोजत. तेव्हा व्यापाऱ्यांच्या मनात आले, घरचे सोने नदीत का सोडावे?

लेस्टर गावी विकस्टीड नावाच्या इंजिनियरचा कारखाना 1855 मध्ये सुरू झाला. गटाराच्या पाण्यात चुना कालवायचा, खाली बसलेला गाळ वाळवून विकायचा. नदीचे पाणी सुधारले. खताला मात्र गिऱ्हाईक मिळेना. तीनएक वर्षांत कंपनी बसली.

तरी 1869 मध्ये ‘नेटिव्ह ग्वानो कंपनी’ निघालीच. तिची कृती तुरटी, रक्त आणि चिकणमातीची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ए बी सी’ म्हणत. रक्त ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. तुरटी मात्र पावसाळ्यात आपण गढूळ पाण्यात फिरवतो तीच. लंडनच्या क्रॉसनेस येथे या कृतीची परीक्षा झाली, तेव्हा खताच्या किमतीहून ते करण्याचा खर्चच कितीतरी जास्त निघाला.

असे का व्हावे? पालेभाजी उकडून पाणी ओतून दिले, तर चोथ्यात काय उरते? तसेच हे. खताचा कस बहुतेक मूत्रात, आणि तो पाण्यात विरघळलेला. तो निवळीबरोबर वाहून गेला. गाळात राहिली बरीचशी त्यांनीच घातलेली माती!

पण त्या माणसांना हसावेसे मला वाटत नाही. भागीदारांचे पैसे बुडाले हे खरे, तरी नदीत सोडण्याआधी पाणी निवळायला लोक शिकले. लेस्टरला कंपनी बुडाल्यावर गावाने तो कारखाना ताब्यात घेतला आणि चुना टाकणे चालू ठेवले. आता खतासाठी नव्हे, नदीसाठी.