शोकाची भूक



शोक आणि अन्न यांचे नाते मराठी मनाला फार जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु ते एकाच बाजूने. दुःखी माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याची अन्नावरची वासना उडते, तो झुरतो, खंगतो. चरकसंहितेतही अतिकृशतेच्या कारणांत शोकाची गणना केलेली असून, अतिस्थूलतेच्या कारणांत निश्चिंतपणा आणि नित्य हर्ष सांगितला आहे. लोकव्यवहारात तर रोड तो दुःखी आणि लठ्ठ तो सुखी, असे समीकरणच रूढ झाले. याच्या उलट, जो शोक माणसाला खायला लावतो त्याला मराठीत नाव नाही. जर्मन भाषेत त्यासाठी ‘कुमरश्पेक’, म्हणजे दुःखाची चरबी, असा शब्द आहे. मराठीत अशा माणसाच्या वाट्याला खादाड, अधाशी, हावरट ही विशेषणेच येतात. परिणामी त्याचे दुःख दुःख म्हणून ओळखलेच जात नाही. तो त्याचा स्वभावदोष ठरतो.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी सुरतेच्या उत्तरेकडील कोसाडकडे पाहावे. मुलताईला उगम पावून खानदेशाला पाणी देणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्याच वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी या शहरात आली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. त्यानंतरच्या वर्षांत नदीकाठच्या झोपडपट्ट्या हलवून तेथील अनेक कुटुंबांना महानगरपालिकेने कोसाड येथे उभारलेल्या विशाल वसाहतीत घरे दिली. त्यांत मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. डोक्यावर पक्के छप्पर आले ही मोठीच गोष्ट होय. परंतु जुना शेजार तुटला आणि अनेकांचा रोजगार दूर राहिला, हेही तितकेच खरे.

अशा वसाहतीतील एखाद्या गृहिणीची कल्पना करावी. पुरात संसार गेला, त्यामागोमाग वस्ती गेली. नवरा मागावर बारा तासांच्या रात्रपाळीला. मुले निजल्यावर ती फरसाणाची पुडी उघडते, ती संपली की उरलेली पोळी, मग डब्यातला गूळ. पोट केव्हाच भरलेले असते. सकाळी तिला स्वतःचीच लाज वाटते आणि ती दिवसभर काही खात नाही. रात्री पुन्हा तेच. शेजारणी म्हणतात, ‘हिला इथली हवा मानवली.’

या वागण्यामागे शरीराची एक व्यवस्था आहे. आघाताच्या पहिल्या क्षणी ॲड्रेनलिन नावाचे संप्रेरक भूक दाबून टाकते. शोकाकुलाच्या घशाखाली घास उतरत नाही, या अनुभवाला येथे आधार मिळतो. परंतु ताण दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने टिकला की कॉर्टिसॉलचे प्रमाण वाढते आणि अनेकांची भूक, विशेषतः गोड व तेलकट पदार्थांची ओढ, वाढू लागते. असे अन्न ताणाची तीव्रता काही काळ खरोखरच कमी करते, असे मेरी डॅलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले. त्यात जागरणाची भर पडली की भूक वाढविणारी संप्रेरके आणखी जोर धरतात. म्हणजे ही गृहिणी जिभेचे चोचले पुरवीत नसून, हाताशी असलेल्या एकमेव औषधाने वेदना शमवीत असते. मात्र ते औषध पोटाभोवती चरबी साठविते आणि मधुमेहाची वाट मोकळी करते.

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांना १९८५ च्या सुमारास असेच कोडे पडले. त्यांच्या वजन घटविण्याच्या उपक्रमातून काही जण वजन उत्तम उतरत असतानाच निघून जात. विचारपूस करता त्यांपैकी अनेकांनी बालपणी अत्याचार सोसल्याचे उघड झाले. काहींना तर लठ्ठपणा हे संरक्षक कवचच वाटत होते. पुढे डॉ. रॉबर्ट आंडा यांच्यासह सतरा हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास झाला. बालपणीचे आघात आणि प्रौढपणीचे लठ्ठपणासह अनेक विकार यांचा संबंध १९९८ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी दाखविला. अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. अर्थात प्रत्येक स्थूल व्यक्ती दुःखी असते, किंवा प्रत्येक शोकाकुल व्यक्ती अति खाते, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही.

येथे मराठी समाजाच्या एका जुन्या शहाणपणाची आठवण होते. मृत्यूच्या दिवशी घरात चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात आणि शेजारी बसून ‘कडू घास’ खाऊ घालतात. तेराव्याला गोडाचे जेवण होते आणि माणूस पुन्हा व्यवहारात परततो. शोक करणाऱ्याने एकट्याने जेवू नये, आणि त्याच्या शोकाला एक मुदत व सोबत असावी, ही त्यामागची दृष्टी असावी. परंतु वाहून गेलेल्या घराचे सुतक कोणी पाळत नाही. मोडलेल्या वस्तीचे तेरावे होत नाही. बालपणीच्या अत्याचाराचा तर उच्चारही होत नाही. अशा शोकांना कडू घास मिळत नाही, म्हणून ते मध्यरात्री एकट्याने डबे उघडतात.

तेव्हा उपायाची सुरुवात उपदेशाने होऊ शकत नाही. ‘तोंडावर ताबा ठेव’ असे सांगितल्याने लाज वाढते, आणि लाजेने पुन्हा खाणे वाढते. वैद्यकीय तपासणी आणि मानसोपचार यांची जोड आवश्यक आहेच. पण त्याआधी कोणीतरी शेजारी बसून, वजनाचा विषय न काढता, गेलेल्या घराविषयी विचारले पाहिजे. कोसाडच्या त्या गृहिणीला नदीकाठच्या आपल्या जुन्या ओट्याविषयी बोलायचे असेल. शंभर वर्षे माणसांना शब्द पुरविणाऱ्या ग्रंथालयाच्या वाचकांनी तिच्या दुःखासाठी मराठीत एखादा सौम्य शब्द रूढ करावा, आणि तो सापडेपर्यंत निदान ‘खादाड’ हा शब्द तरी वापरू नये.