आपल्या कामाचं पान, आपल्या नावावर

आज आपण वेबसाइटबद्दल बोलणार आहोत. शब्द ऐकून रेडिओ बंद करू नका. हातातली भाजी निवडता निवडता ऐका.

वेबसाइट म्हणजे मोबाइलवर उघडणारं आपल्या कामाचं पान. आपण काय करतो, कसं करतो, केवढ्याला देतो आणि कुठे फोन करायचा, हे सगळं एका जागी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरचा फोटो 24 तासांत जातो. पान मात्र तिथेच असतं आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाठवता येतं.

आमच्या गटातल्या एक ताई गोधड्या शिवतात. त्यांचं असं पान एका ओळखीच्या मुलाने करून दिलं होतं. पान होतं, पण ऑर्डर येत नव्हती. म्हणून आम्ही सगळ्याजणींनी बैठकीत ते आपापल्या मोबाइलवर उघडलं. उघडायलाच वेळ लागला. वर गुलाबाची फुलं आणि सुस्वागतम्. त्याखाली मेळाव्याचे फोटो, पाहुण्यांचे सत्कार. गोधडी दिसायला बोटाने बरंच खाली सरकवावं लागलं. फोन नंबर त्याच्याही खाली, तोही बंद पडलेला. आणि ताईंचं नाव कुठेच नाही. ‘अस्सल ग्रामीण गोधडी’, बस्स. जणू ती आपोआपच शिवली गेली!

नंबर बदलावा म्हटलं, तर पासवर्ड त्या मुलाकडे आणि मुलगा नोकरीसाठी शहरात. मग आम्ही ठरवलं, पान नव्यानेच मांडायचं.

त्यासाठी आधी संगणक लागत नाही, वही लागते. आम्ही वहीत चार प्रश्न लिहिले. पान बघणार कोण? बघून तिने काय करावं? त्याआधी तिला काय कळायला हवं? आणि आपल्याला झेपतं किती?

पहिल्या प्रश्नासाठी ताईंना विचारलं, आजवर गोधड्या नेल्या कोणी? त्या आठवून सांगू लागल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका दुकानातली गोधडी मागत नव्हत्या. त्या म्हणत होत्या, “आई गेली. तिची लुगडी ठेवलीत. त्याची गोधडी शिवून द्याल का?” इतकी वर्षं हे काम चालू होतं आणि जुन्या पानावर त्याचा एक शब्द नव्हता. तेच वाक्य आम्ही सगळ्यात वर घेतलं: ‘तुमच्या आईच्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल.’ खाली ताईंचं पूर्ण नाव आणि त्याखाली फोन करायचं बटण.

बाकीच्या प्रश्नांतून उरलेलं पान तयार झालं. साड्या किती लागतील, सुती असाव्यात, धुऊन पाठवाव्यात. गोधडीची लांबी-रुंदी, किंमत, पोचवण्याचा खर्च वेगळा. आणि एक ओळ ठळक: ‘महिन्याला दोनच गोधड्या शिवते.’ काही जणी म्हणाल्या, असं लिहिल्याने गिऱ्हाईक जाईल. पण हाताचा धावदोरा मशीनच्या वेगाने पळत नाही. खोटा वायदा करण्यापेक्षा खरी तारीख दिलेली बरी.

फोटो चाळीस होते, सहा ठेवले. ओसरीवर सकाळच्या उजेडात काढले, फ्लॅश न वापरता. एक पूर्ण गोधडीचा, एक टाके जवळून दिसतील असा, एक पलंगावर अंथरलेला म्हणजे आकार कळतो, एक काठाचा, एक उलट्या बाजूचा आणि एक शिवणाऱ्या हातांचा. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असू शकतो. तो लहान करून दोन-तीनशे केबीवर आणला की कमी रेंजमध्येही पान लवकर उघडतं. लोणची-पापड करणाऱ्या मैत्रिणींनी पदार्थाचं वजन, किती दिवस टिकतो ते आणि आपला 14 अंकी एफएसएसएआय नंबर पानावर जरूर द्यावा.

काही गोष्टी पानावर देऊ नका. घराचा पूर्ण पत्ता, आधार कार्डाचा फोटो, मुलांचे फोटो. गाव आणि तालुका पुरे. जमलं तर धंद्यासाठी वेगळा नंबर ठेवा. आणि हे पाठच करा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. “क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील” असं कोणी म्हणालं, की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर कळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सातबारा कोणाच्या नावावर, घर कोणाच्या नावावर, हे आपल्याला चांगलं कळतं. पानाचंही तसंच आहे. गूगल साइट्सवर साधं पान फुकट करता येतं, पण ते आपल्या स्वतःच्या ईमेलवरून उघडा. पुढे स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन घेतलंत, तर त्याला दरवर्षी पैसे भरावे लागतात. न भरल्यास तो पत्ता हातचा जाऊ शकतो. 2014 पासून ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही मिळतो. कोणताही घ्या, नोंद आपल्या नावावर, आपल्या मोबाइल नंबरवर करा. मुलगा, भाचा, पुतण्या मदत करतील, जरूर घ्या. किल्ली मात्र आपल्या कनवटीला. पासवर्ड वहीत लिहून पासबुकाजवळ ठेवा.

पान झाल्यावर आम्ही ते ताईंच्या जावेला दाखवलं, काहीच न सांगता. “काय मिळतं इथं? फोन कुठं करायचा?” तिने दोन्ही उत्तरं लगेच दिली, तेव्हाच ते पान लोकांना पाठवलं. तुम्हीही पान असंच तपासा. दर तीन महिन्यांनी किंमत आणि नंबर बरोबर आहे ना, तेही बघा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका कागदावर तीन ओळी लिहून आणा. माझं नाव. माझं काम. ते कोणाच्या उपयोगाचं. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, शेजारणीने लिहावं. पण पहिली ओळ आपल्या नावाचीच हवी. पानाची सुरुवात तिथूनच होते.