प्रवासात सारथ्याला एकटं सोडू नका

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त उन्हाळी सुटीच्या तोंडावर झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला विषय दिला, 'लांबच्या प्रवासात घरच्यांची करमणूक'. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, करमणुकीतलं मला काय कळतं? तर म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीतून जाऊन आलेली पोरं पुन्हा तुमच्याच गाडीत बसायचं म्हणतात." आता एवढं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार!

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सगळ्या सोसायटीत मिळून दोन चारचाकी होत्या. लांब जायचं म्हणजे एसटी, नाहीतर रेल्वे. तिथे करमणूक मुद्दाम करावी लागत नसे. खिडकीच्या जागेवरून भांडण, शेजारणीच्या डब्यातलं लोणचं, प्रत्येक स्टँडवरचा चहा, यातच गाव येई. आज दर सर्वसाधारण सभेत पार्किंगचाच विषय असतो! त्यातच समृद्धी महामार्ग आपल्या दाराशी आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा. आता निधोन्याजवळ गाडी वर चढवली की एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला मुंबईची वाट. रस्ता फार छान आहे, पण वाटेत गाव नाही, सिग्नल नाही, आडवी येणारी म्हैससुद्धा नाही. सरळ, एकसारखा रस्ता. आणि अशा रस्त्यावर डोळे जड होतात.

आमच्या घरची गोष्ट सांगते. नागपूरचं लग्न आटोपून आम्ही परत निघालो. दुपारची वेळ, पोटात लग्नाचं जेवण. मुलगा गाडी चालवत होता. शेजारी सूनबाई कानात बोंडं घालून मालिका बघत होती. मागे दोन्ही नातवंडं आपापल्या मोबाईलमध्ये, आणि मी चक्क घोरत होते. मेहकर मागे पडलं आणि एकदम सूनबाई ओरडली, "अहो!" गाडी कडेच्या पट्टीवर गेली होती. मुलाने सावरली, देवाची कृपा. पुढच्या पेट्रोलपंपावर उतरून त्याने तोंडावर पाणी मारलं. मी रागावले, तर शांतपणे म्हणाला, "आई, दोन तास झाले, गाडीत कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही."

मंडळी, त्या वाक्याने मला झोप लागेना. गाडीत आम्ही पाच जण. चौघांची करमणूक चालली होती आणि पाचवा एकटा होता. तिथे गाडीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हिशोब करा, एका सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी नुसती देवाच्या भरवशावर!

तेव्हापासून आमच्या घरात करमणूक सगळ्यांची मिळून, आणि गाडी चालवणाऱ्याला धरून. त्याला नजर रस्त्यावरून काढायला लागू नये, एवढंच बघायचं.

पहिला खेळ नंबरप्लेटचा. नंबर पोरांनी वाचायचा, ड्रायव्हरने शोधायचा नाही. त्याने फक्त जिल्हा सांगायचा. २० संभाजीनगर, २८ बुलढाणा, ३७ वाशीम, २७ अमरावती, ३२ वर्धा, ३१ नागपूर. आणि आपला २१ दिसला की सगळ्यांनी टाळ्या! आपला जिल्हा १ मे १९८१ चा, हेही पोरांना याच खेळात कळलं.

दुसरा खेळ पाटीचा. गावं रस्त्यावर येत नाहीत, पण त्यांच्या पाट्या येतात. पाटी दिसली की एकाने त्या गावाची एक गोष्ट सांगायची. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. मेहकरहून जवळच लोणारचं सरोवर, उल्का आदळून झालेलं. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचं माहेर. आजी-आजोबांचा भाव इथे वधारतो बरं का!

तिसरं, ऐकण्याच्या गोष्टी. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' लावा. एसटीच्या प्रवासाचीच कथा. आजोबा हसतात आणि नातूही हसतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथाही आहेत. आवाज सगळ्या गाडीला ऐकू यावा, कानात बोंडं नकोत. मग गाण्याच्या भेंड्या आणि गावांच्या भेंड्या तर आहेतच. आमच्या सूनबाईंकडे कोड्यांचा साठा निघाला, लग्नाला १४ वर्षं झाली तरी मला पत्ता नव्हता!

मोबाईल अगदी बंद असं मी म्हणत नाही. पण चालत्या गाडीत खाली मान घालून पडद्याकडे बघितलं की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. त्या गोंधळातच मळमळ सुरू होते. खिडकीबाहेर लांब बघणाऱ्या पोराला उलटीचा त्रास कमी होतो. पिशवी मात्र जवळ ठेवा, आणि डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आपल्या जालन्याची मोसंबी.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. ड्रायव्हरला झोप येत असेल तर कुठलाही खेळ उपयोगाचा नाही. गप्पांनी कंटाळा जातो, झोप जात नाही. दर दोन तासांनी थांबा, तेही रस्त्याच्या कडेला नाही. पंपावर किंवा सुविधा केंद्रावर थांबा, नाहीतर सरळ खाली उतरा. अर्धा तास झोपू द्या. लग्नाची पंगत चुकली तरी चालेल. आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. तुम्हीही करा.

२५ वर्षं आपण एकमेकांच्या दारातून "जाऊन येतो" ऐकत आलो. या सुटीत निघताना गाडीत हवा, पाणी, डिझेल बघाल, तसं एवढंही बघा की गाडी चालवणाऱ्याशी बोलायला कोण बसलंय.

जा, मजा करा, आणि सुखरूप घरी या.